पंक्तिप्रपंच

आमच्या लहानपणी लग्नामुंजीच्या पंगती जमिनीवर बसत. समोर केळीची पाने, नाहीतर पत्रावळी, पानांभोवती रांगोळी, आणि मधल्या वाटेने भात, वरण, अळूची भाजी व जिलब्या घेऊन धावणारे वाढपी. या साऱ्या वाढप्यांत आम्हां मुलांचे लक्ष एकाच माणसावर खिळलेले असे. तो म्हणजे तुपाची तपेली हाती असलेला काका. हा काका पंगतीच्या वरच्या टोकापासून, म्हणजे जावईबापू व व्याही जेथे बसलेले असत तेथून निघे, आणि तेथे त्याचा हात मोठा सैल असे. मधल्या मंडळींपर्यंत येईतो तो हात आखडू लागे. आणि आमच्यासारखी पोरे व दूरच्या नात्यातील गरीब माणसे बसलेल्या खालच्या टोकास तो पोहोचला म्हणजे भातावर तूप पडले की नुसती पळीच फिरली, याचा निवाडा करणे कठीण होई. आमची आजी हे पाही आणि घरी आल्यावर संतापून म्हणे, "वाढायचे नव्हते तर बोलवायचे नव्हते. पण एका पंगतीला बसवून असा प्रपंच करणे, यासारखे पाप नाही!"

'पंक्तिप्रपंच' हा शब्द आम्ही प्रथम तिच्याच तोंडून ऐकला. एका पंक्तीस बसलेल्या माणसांत वाढताना दुजाभाव करणे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे इंग्रजीच्या अध्यापनात आमचे आयुष्य गेले आणि मोठमोठे शब्द उच्चारण्याची सवय जडली. अलीकडे विद्यापीठांच्या परिपत्रकांतून विविधता, समन्याय आणि समावेशन असे तीन शब्द हातात हात घालून हिंडू लागले आहेत. त्यांवर व्याख्याने होतात, समित्या नेमल्या जातात, अहवाल वर पाठविले जातात. या तिन्ही शब्दांचा अर्थ आजीस समजावून देण्याचा प्रसंग आला असता, तर आम्हांस तिचाच एक शब्द तिला परत द्यावा लागला असता, आणि "हे सांगायला तुला पगार देतात काय रे?" असे तिने खचित विचारले असते.

परंतु आजीच्याही दृष्टीतून एक गोष्ट सुटली होती, आणि ती आमच्या ध्यानात येण्यास फार वर्षे लागली. त्याच लग्नात सनई-चौघडा वाजविणारी मंडळी पंगतीस बसतच नसत. साऱ्यांची जेवणे आटोपल्यावर मागच्या अंगणात त्यांना वाढले जाई. आजीच्या लेखी तो पंक्तिप्रपंच नव्हता. कारण त्यांची पंक्तीच निराळी! म्हणजे अन्याय दोन प्रकारचे झाले. पंक्तीस बसूच न देणे हा एक, आणि बसवून घेऊन कमी वाढणे हा दुसरा. पहिल्याशी झगडण्यात आपल्याकडील कित्येक थोर माणसांची आयुष्ये खर्ची पडली. दुसरा मात्र कायद्याच्या हाती पुरता सापडत नाही. कारण तो वाढणाराच्या मनगटात असतो. आम्ही प्राध्यापक लोक या वाढप्यांपैकीच असल्यामुळे आज आमच्या मनगटाविषयी दोन शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

पहिल्या अन्यायाची हकीकत सुशिक्षित वाचकांस अपरिचित नाही. तरी तिची उजळणी केल्यावाचून दुसऱ्याकडे वळणे बरे नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर शिक्षण आयोगास जोतीराव फुल्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात हीच तक्रार होती की, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग उचलतात. ज्याच्या गोठ्यातले तूप त्याचेच पान कोरडे, असाच हा प्रकार होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी खेड्यातील मुलाची अडचण नेमकी हेरली. शाळेत नाव घातले तरी त्याने शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोठे? म्हणून १९०१ सालापासून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास हात घातला. आणि १९०२ च्या जुलैमध्ये संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखून ठेवण्याचा हुकूम काढला.

ही वसतिगृहे बहुतेक जातवार निराळी होती; तो काळ पाहता तेवढेही थोडे नव्हते. पुढचे पाऊल साताऱ्यास पडले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले की, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत व एकाच पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटास घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने तर मोडलेच, पण अखेरीस मंगळसूत्रही मोडले. शिक्षणाच्या इतिहासात अशा बायकांच्या वाट्यास एखादी ओळ येते. आम्हांस मात्र वाटते की, कोणत्या मुलाची जात काय हे न पाहता सर्वांच्या पानात सारख्याच मायेने भाकरी टाकणारा तो हात म्हणजेच समन्यायाची खरी व्याख्या होय. परिपत्रकातील व्याख्या तिची नक्कल आहे.

यानंतरचा भाग कायद्याचा आहे. १९५० साली राज्यघटना अमलात आली व तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासलेल्या वर्गांसाठी शिक्षणात खास तरतूद करण्याचा मार्ग मोकळा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांत भेदभाव रोखण्यासाठी नियम केले. २०१६ च्या कायद्याने सरकारी व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. दार अशा रीतीने उघडले गेले. आणि ज्या घरांतून पूर्वी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरांतील मुलेमुली आज आमच्या वर्गांत बसलेली आहेत.

येथे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात एक जुना सल जागा होईल, हे आम्ही जाणून आहो. "आमच्या मुलास नव्वद टक्के गुण पडले, तरी हवी ती शाखा मिळाली नाही, मग गुणवत्तेस काही किंमत आहे की नाही?" हा प्रश्न आमच्या स्वतःच्या ओटीवरही विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्या आईच्या डोळ्यांतील पाणी खोटे नव्हते. एवढेच सुचवावेसे वाटते की, पंगतीत पानेच कमी मांडली गेली असतील तर तो यजमानाचा दोष आहे. शेजारच्या पानावर बसलेल्याचा नव्हे. गुणवत्तेविषयी म्हणाल, तर तिचा मान आपण आजवर किती राखला हेही पाहिले पाहिजे. कॉर्नेलिया सोराबजी ही पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्यार्थिनी १८८७ साली अंतिम परीक्षेत अव्वल ठरली. त्या यशाबरोबर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. पण ती स्त्री असल्यामुळे तिला नाकारण्यात आली, आणि अखेर स्नेह्यांनी व हितचिंतकांनी पैसा उभा केला तेव्हा ती ऑक्सफर्डला जाऊ शकली. डॉक्टर आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांच्यापाशी होती. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहप्राध्यापकांनी हरकत घेतली. कोलंबियाची पदवी सातासमुद्रांपलीकडून आली, परंतु तिला कोपऱ्यातील पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचता आले नाही. गुणवत्तेचा जयजयकार करताना ही दोन माणसे डोळ्यांपुढे ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.

आता आमच्या मनगटाची गोष्ट.

सुमारे आठ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गास वर्ड्‌स्वर्थची प्रस्तावना शिकवीत होतो. या कवीने आपल्या काव्यसंग्रहाच्या १८०० सालच्या आवृत्तीस जी प्रस्तावना जोडली, तिच्यातील एक विचार इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. काव्याची भाषा कृत्रिम नसावी. साध्या, खेड्यापाड्यांतील माणसांच्या खऱ्या बोलीतून ती यावी. आम्ही त्या दिवशी विशेष रंगात होतो. विषय समजावून झाल्यावर, आपापल्या गावच्या बोलण्यातील असे एखादे उदाहरण द्या, असे आम्ही वर्गास आवाहन केले. बराच वेळ कोणी उठेना. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. बीड जिल्ह्यातून आलेला, ऊसतोडणीस जाणाऱ्या आईबापांचा मुलगा. त्या वर्षी वर्गात त्याने प्रथमच तोंड उघडले होते. तो बोलू लागला आणि त्याच्या दुसऱ्याच वाक्यात 'पानी' हा शब्द आला.

"अरे, पाणी म्हण, पाणी!" आम्ही म्हणालो. "तुझ्या या पान्याने कोणाची तहान भागायची नाही."

वर्ग खदखदून हसला. आमचा विनोद साधला म्हणून आम्हीही हसलो. तो मुलगाही थोडासा हसला आणि खाली बसला. तास संपल्याची घंटा झाली, आणि खेड्यातील बोलीची थोरवी सांगून आम्ही समाधानाने शिक्षकांच्या खोलीत चहा पिण्यास गेलो.

त्यानंतर तो वर्गात बोलला नाही. हे आमच्या लक्षात आले असे म्हणणेसुद्धा खोटे होईल. शंभर मुलांच्या वर्गात एकाचे न बोलणे कोणास ऐकू येते? पुढच्या वर्षी तो 'कमवा व शिका' योजनेखाली ग्रंथालयात काम करू लागला, आणि तासांच्या नोंदीवर आमची सही घेण्यासाठी एके दुपारी आमच्या खोलीत आला. त्याने आपले काम इंग्रजीत सांगितले. तीन वाक्ये होती. ती पाठ करून आणलेली होती हे उघड दिसत होते. आम्हांस गंमत वाटली व थोडा अभिमानही वाटला. "छान! पण माझ्याशी मराठीत बोललास तरी चालेल," असे आम्ही मोठ्या मनाने म्हणालो. त्यावर तो खाली पाहत हळूच म्हणाला, "सर, विंग्रजीत चुकलं तर कुनी हसत न्हाई. मराठीत चुकलं की हसत्यात."

आम्ही सही केली. दुसरे काय करावे हे त्या क्षणी सुचले नाही. इंग्रजी सर्वांनाच परकी, म्हणून तिच्यात चुकण्याची सर्वांस मुभा; परंतु जी भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली, तिच्यातच हा मुलगा आमच्या महाविद्यालयात परका झाला होता, आणि त्याला परके करणारे आम्हीच होतो. तेही वर्ड्‌स्वर्थ शिकविताना! खानदेशी बोलीतील बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून आपण त्यांना डोक्यावर घेतले आहे. पुस्तकात छापलेल्या बोलीस दाद द्यावयाची आणि बाकावर बसलेल्या बोलीस हसावयाचे, यास पंक्तिप्रपंच म्हणू नये तर काय म्हणावे?

त्या रात्री आम्ही ही हकीकत घरी सांगितली. आमच्या गृहिणीने ती शांतपणे ऐकून घेतली व विचारले, "अहो, त्या 'रेस्टॉरंट'ची आठवण नाही का तुम्हांला?" आठवण होती, पण ती आम्ही मनाच्या तळाशी नीट घडी करून ठेवून दिली होती. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकून आम्ही मुंबईच्या एका महाविद्यालयात दाखल झालो, तेव्हा भर वर्गात हा शब्द अक्षर अक्षर लावून, अगदी शेवटच्या 'टी'सकट उच्चारला होता. इंग्रजी शाळांतून आलेली मुले-मुली त्यावर आठवडाभर हसत होती. पुढे सहा महिने आम्ही आरशासमोर उभे राहून उच्चार घोटले. ज्याने असा घाव सोसला त्याने तरी दुसऱ्यास तो घालू नये, असे म्हणतात. आमचा अनुभव याच्या उलट आहे. ज्या शिडीने आपण वर चढलो तिची पायरी पुढच्याच्या डोक्यात घालण्याचा मोह माणसास फार होतो, आणि तो त्यालाच 'शिस्त' असे नाव देतो.

तथापि या दोन प्रसंगांस एका मापाने मोजणे बरोबर होणार नाही. आमचा उच्चार सहा महिन्यांत सुधारला, आणि त्याबरोबर हसणेही संपले. आमचे आडनाव ऐकून कोणी कधी दचकले नव्हते, आणि आमच्या वडिलांचा धंदा विचारल्यावर संभाषण थांबले नव्हते. ज्याला आपले नाव सांगतानाच समोरच्या चेहऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो, त्याची लाज आरशासमोर उभे राहून जात नाही. कारण तिचे कारण त्याच्या जिभेत नसतेच मुळी.

त्या दिवसापासून आम्ही आमच्या महाविद्यालयातील तुपाच्या तपेलीकडे बारकाईने पाहू लागलो, आणि जे दिसले त्याने थक्क झालो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे असले म्हणजे कार्यालयाचा माणूस भर वर्गात येऊन प्रवर्गाचे नाव घेऊन मोठ्याने हुकूम सोडी, "अमुक अमुक मुलांनी उभे राहा." मुले उभी राहत आणि बाकीचा वर्ग त्यांस निरखून घेई. यात कार्यालयातील माणसाच्या मनात काडीइतकेही वाईट नव्हते. त्याला काम लवकर उरकावयाचे होते. दुसरी गोष्ट ग्रंथालयाची. ते परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत उघडे असे, पण मुलींच्या वसतिगृहाचे दार साडेसातास बंद होई. सर्वांसाठी उघडे असलेल्या त्या दिव्याखाली मुलीच तेवढ्या दिसत नसत, आणि 'मुलींना वाचनाची आवड कमी' असा निष्कर्ष आमच्यातील एका विद्वानाने काढलाही होता. तिसरी गोष्ट कुबड्या घेऊन येणाऱ्या एका विद्यार्थ्याची. त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे. दोन वर्षे तो रोज त्रेचाळीस पायऱ्या चढत होता, आणि आम्ही त्याच्या जिद्दीचे कौतुक करीत होतो. पायऱ्या किती हे त्यानेच आम्हांस सांगितले. आम्ही तर त्या वीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.

हे सारे प्रश्न आम्ही प्राध्यापकांच्या सभेपुढे मांडले. सभा म्हटली की मतभेद आलेच. आमचे एक जुने स्नेही, माणूस अत्यंत सरळ, म्हणाले, "नियम सर्वांस सारखा असावा. आज एकाला सवलत दिली की उद्या दुसरा मागेल. सर्वांस एक माप, यालाच समता म्हणतात." यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही; वशिलेबाजीने पोखरलेल्या आपल्या देशात 'सर्वांस एक माप' हेही मोठे वरदान आहे. पण आम्ही त्यांस आमच्या आजीच्या पंगतीत नेले. दात पडलेल्या म्हाताऱ्यास आजी भात मऊ करून वाढी, लहान मुलास बिनतिखटाची आमटी देई, आणि ज्याचा उपास त्यास साबुदाणा आणून देई. हा पंक्तिप्रपंच, असा आरोप तिच्यावर कोणी केला नाही. ज्याला जे चावेल व पचेल ते त्याच्या पानात पडले तरच सर्वजण जेवले असे म्हणता येते. एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात पळीची सावली, हा दुजाभाव. आणि दात नसलेल्यास कडक भाकरी वाढून 'सर्वांस सारखेच वाढले' असे म्हणणे हाही दुजाभावच. आमचे स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आजीला प्राचार्य नेमायला हवे होते."

त्या सभेतून फार मोठी क्रांती झाली असे वाचकांनी समजू नये. शिष्यवृत्तीची सूचना आता प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या भ्रमणध्वनीवर जाते. वर्गात कोणास उभे करीत नाहीत. कुबड्यांच्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर आणण्यासाठी वेळापत्रकातील दोन ओळींची अदलाबदल करावी लागली. ते काम अकरा मिनिटांत झाले. ज्यासाठी तो दोन वर्षे पायऱ्या चढत होता ते अकरा मिनिटांचे काम होते, हे लिहितानाही आमचा हात जड होतो. मुलींच्या वसतिगृहाचे दार मात्र परीक्षेच्या दिवसांपुरतेच उशिरापर्यंत उघडे राहू लागले. वर्षभरासाठी ते उघडावे हा आमचा ठराव तीन वर्षे 'विचाराधीन' आहे. समान संधी कक्षाची पाटी एका खोलीवर लागली आहे. त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही ठेवलेले आहेत, त्यामुळे तक्रार घेऊन येणाऱ्यास आधी त्यांतून वाट काढावी लागते.

आणि तो बीडचा मुलगा? शेवटच्या वर्षी तो अधूनमधून आमच्या खोलीत येऊ लागला. एकदा आम्ही त्याला घरच्या कामाविषयी विचारले, आणि त्या तासाभरात तो गुरू व आम्ही विद्यार्थी झालो. नवरा-बायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल', आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामे होते आणि घरी म्हातारी माणसे व शाळेतली मुले तेवढी मागे राहतात. माणसाचे नाव जाऊन त्याच्या हत्याराचे नाव त्यास कसे चिकटते, हे इतक्या थोड्या शब्दांत आम्हांस कोणत्याही ग्रंथाने सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याने 'पानी' हा शब्द दोनदा उच्चारला, आणि तो उच्चारण्यापूर्वी दोन्ही वेळा तो किंचित अडखळला. ते अडखळणे आमचे दान होते.

तो पदवी घेऊन गेला. जाण्यापूर्वी आम्ही त्याच्यापाशी त्या जुन्या विनोदाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. "त्याचं काय, सर," एवढेच तो म्हणाला. परंतु आमच्या मनास स्वस्थता नव्हती. हसे झाले होते भर वर्गात, आणि क्षमा मागितली होती बंद खोलीत. पंगतीत तूप चुकविल्यावर मागच्या दाराने नेऊन दिलेल्या वाटीसारखाच तो प्रकार होता. म्हणून या वर्षी वर्ड्‌स्वर्थच्या त्याच प्रस्तावनेपाशी आलो तेव्हा आम्ही पुस्तक मिटले आणि ही सर्व हकीकत, आमच्या विनोदासकट, नव्या वर्गास सांगितली. मुलाचे नाव तेवढे सांगितले नाही. वर्ग शांत होता. हसण्याच्या जागी कोणी हसले नाही.

मग मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"सर," तिने विचारले, "पण तो उदाहरण कोणतं देत होता?"

आम्ही बोलावयास तोंड उघडले आणि तसेच उभे राहिलो. आम्हांस आठवेना. त्याचा 'न' आम्हांस आठ वर्षे आठवत होता, आमचा विनोद आठवत होता, वर्गाचे हसणेही आठवत होते. पण तो मुलगा त्या दिवशी काय सांगावयास उभा राहिला होता, ते पाणी कोणाचे होते, विहिरीचे, पावसाचे की आणखी कशाचे, हे आम्ही त्या दिवशी ऐकूनच घेतले नव्हते. आणि पुढे तो इतक्या वेळा आमच्या खोलीत येऊन बसला, तरी आम्ही त्यास ते कधी विचारले नव्हते.

"ते मी ऐकलं नाही," असे आम्ही त्या मुलीस सांगितले, आणि तिने ते आपल्या वहीत लिहून घेतले.